पुठ्ठ्याच्या नळीतला आपटा, पळस आणि सुगरणीचा खोपा

कापडाच्या दुकानात ताग्यातलं शेवटचं कापड फाडून झालं की मधली पुठ्ठ्याची नळी काउंटरखाली सरकते. घरात फॉइल संपते, टिशूचा रोल संपतो, चिकटपट्टी संपते, आणि दर वेळी एक नळी नाहीतर एक कडं मागे उरतं. आपण ते सरळ कचऱ्यात टाकतो. या नळ्यांमधून मी गेली काही वर्षं पानं, फुलं आणि घरटी करते आहे. सुरुवात करणाऱ्याला जे सांगावंसं वाटतं, ते इथे लिहिते आहे.

नळीची कला म्हणून सहसा जे शिकवलं जातं, ते मला पटत नाही. नळी घ्यायची, तिला डोळे चिकटवायचे, कान लावायचे आणि ससा म्हणायचं. त्यात नळी नळीच राहते आणि ससा कुठे दिसतच नाही. त्याऐवजी नळीमध्ये मुळात काय आहे ते आधी हातात घेऊन बघा. ही नळी करताना कागदाच्या लांब पट्ट्यांना चिकट लावून त्या एका गोल दांड्यावर तिरक्या गुंडाळतात, एकीवर दुसरी. म्हणून नळीच्या अंगावर जिन्यासारखी फिरत जाणारी तिरकी शिवण दिसते. हा झाला तिचा पीळ. नळी उभी कापून उघडली तरी पुठ्ठा सपाट होत नाही, गोलाई धरून राहतो. हा तिचा बाक. आणि नळी दाबून चपटी केली की दोन्ही कडांना सरळ, पक्की घडी पडते.

घडी, बाक आणि पीळ. झाडापानांतही याच तीन गोष्टी जागोजागी असतात. खाली तीन वस्तू दिल्या आहेत: घडीतून आपट्याचं पान, बाकातून पळसाचं फूल आणि पिळातून सुगरणीचा खोपा. याच क्रमाने करा. पहिलीला एक संध्याकाळ लागते, दुसरीला दोन-तीन दिवस आणि तिसरीला एक अख्खा रविवार.

कुठली नळी कशाला

टिशू रोलची नळी साधारण १० सेंटीमीटर लांब आणि ४ सेंटीमीटर व्यासाची असते. तिचा पुठ्ठा पातळ असतो आणि साध्या कात्रीने कापला जातो. नवशिक्याने हिच्यापासूनच सुरुवात करावी. स्वयंपाकघरातल्या टिशूची नळी तशीच, फक्त दुपटीहून लांब. फॉइलची नळी अरुंद आणि घट्ट असते, ती फांदीसाठी ठेवून द्या. मोठ्या चिकटपट्टीच्या आतलं कडं बहुतेक ७६ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे तीन इंची असतं. ते खोप्याला लागेल.

कापडाच्या ताग्याच्या नळ्या हव्या असतील तर दुकानदाराला सकाळी, गिऱ्हाईक नसताना विचारा. सहसा हसत देतात. त्या जाड असतात, कात्री तिथे चालत नाही. लोखंड कापायच्या हॅक्सॉचं पातं वापरा. सरळ कापण्यासाठी एक युक्ती आहे: कागदाची सरळ पट्टी नळीभोवती गुंडाळायची, तिची दोन टोकं काठाला काठ जुळवायची आणि त्या काठाने पेन्सिल फिरवायची. रेषा नळीभोवती अगदी सरळ येते.

दोन नळ्या मात्र घेऊ नका. गुळगुळीत प्लास्टिकचा थर असलेली नळी पाणीही पीत नाही आणि खळही धरत नाही. ओलं बोट फिरवून बघा. डाग गडद झाला तर नळी कामाची, थेंब नुसता घसरला तर ती बाजूला ठेवा. दुसरी म्हणजे दिवाळीनंतर अंगणात पडलेल्या फटाक्यांच्या नळ्या. मुलं त्या हौसेने गोळा करतात, पण आत दारू उरलेली असू शकते. त्यांना हात लावू देऊ नका.

न्हाणीघरातल्या रोलच्या नळ्या चालतात, फक्त कोरड्या आणि स्वच्छ हव्यात. एक दिवस कडक उन्हात ठेवा.

सामान

कात्री, कटर, पेन्सिल, पट्टी, लिहून संपलेली एक रिफिल, कपड्यांचे दहा-बारा चिमटे, सुतळी, जुनी वर्तमानपत्रं. रंगांसाठी साधे पोस्टर कलर आणि जमलं तर कुंभाराकडचा किंवा पूजेच्या दुकानातला गेरू. चिकटवायला दोन गोष्टी लागतात: जोडांसाठी फेविकॉल आणि कागद-पट्ट्यांसाठी खळ.

खळ घरीच करा. २ मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, त्यात पेलाभर पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरटपणा जाऊन ती काचेसारखी अर्धपारदर्शक दिसू लागली की उतरवा. निवल्यावर ती घट्ट होते, म्हणून जरा पातळ असतानाच थांबा. बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा. पुस्तकबांधणी करणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर तो विचार सोडून द्या.

खळीचा मोठा गुण म्हणजे ती लगेच धरत नाही. पट्टी सरकवायला, पुन्हा लावायला वेळ मिळतो. फेविकॉल तेवढा वेळ देत नाही, म्हणून फेविकॉलचा जोड चिमट्यात धरून अर्धा तास सोडून द्यायचा. नवीन माणसाचं काम बहुतेक वेळा इथेच बिघडतं. तो जोड हातात धरून बसतो, कंटाळतो, सोडतो आणि जोड उघडतो. मग तो आणखी फेविकॉल ओततो. चिकट जितका पातळ लावाल तितका जोड पक्का होतो.

पहिली वस्तू: घडीतून आपटा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात आपट्याच्या फांद्यांचे ढीग लागतात. त्यांतल्या कित्येक फांद्या आपट्याच्या नसून कांचनाच्या असतात. दोन्हींचं पान जोडपान दिसतं म्हणून फसगत होते. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असतं. कांचनाचं मोठं आणि पातळ. संध्याकाळपर्यंत ही सगळी पानं रस्त्यावर तुडवली जातात. मला हे बघवत नाही, म्हणून आमच्या घरी आता पुठ्ठ्याचं सोनं वाटतो. घेणारा ते टाकत नाही, ठेवून देतो.

करण्यापूर्वी आपट्याचं एक खरं पान, झाडाखाली पडलेलं असेल तर ते, समोर ठेवा. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. इथे स्मरणावर अजिबात जाऊ नका. आठवणीतून काढलेलं पान नेहमी पिंपळासारखंच येतं.

१. टिशूची नळी टेबलावर आडवी ठेवून तळव्याने चपटी करा. वाटीचा तळ दोन्ही कडांवरून घासा, म्हणजे घडी पक्की होईल. आता तुमच्याजवळ साधारण ६ सेंटीमीटर रुंद आणि १० सेंटीमीटर लांब अशी दुपदरी पट्टी आहे. तिच्या दोन लांब कडा म्हणजे दोन घड्या.

२. एका घडीला लागून अर्धं पान काढा. उंची ५ सेंटीमीटर, घडीपासून रुंदी पावणेतीन सेंटीमीटर. वरचा भाग गोल घुमटासारखा न्या, पण घडीजवळ येताना रेषा दीड सेंटीमीटर खाली उतरवा. ही आपट्याच्या पानाची खाच. खाली देठापाशी रेषा किंचित आत वळवा.

३. दोन्ही पदर एकत्र कापा, पण घडी कापू नका. उघडलं की पान तयार, आणि मधली शीर घडीने आधीच काढून दिलेली. एका घडीवर दोन पानं बसतात, म्हणजे एका नळीत चार. तीन नळ्यांत बारा पानं होतात; दाराच्या तोरणाला ती पुरतात.

४. पान वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवा आणि रिकाम्या रिफिलने शिरा दाबून काढा. आपट्याच्या शिरा मधल्या शिरेतून फुटत नाहीत. त्या देठापासूनच पंख्यासारख्या फाकतात. हे खऱ्या पानात बघून घ्या, कारण एवढी एक गोष्ट चुकली तर पान आपट्याचं वाटत नाही.

५. बोट ओलं करून पानाच्या मागून फिरवा आणि दोन्ही बाजू पुस्तकासारख्या जरा मिटवा. तशाच वाळू द्या. वाळल्यावर पान तो आकार सोडत नाही.

६. उरलेल्या पुठ्ठ्यातून काडीएवढी पट्टी कापा, ओली करून बोटांत वळा आणि देठ म्हणून मागून चिकटवा.

रंग देताना आधी गेरूचा पातळ हात द्या आणि तो वाळल्यावर कोरड्या कुंचल्याने पिवळी माती किंवा यलो ऑकर वरवर ओढा. दाबलेल्या शिरा तांबूस राहतात आणि मधला भाग उजळतो. बाजारातला सोनेरी चमकीचा रंग लावू नका असं मी आग्रहाने सांगेन. तो रंग लावला की सगळ्या शिरा बुजतात आणि ते पान पुढे कधी मातीतही जिरत नाही.

हात बसला की याच चपट्या नळीच्या १ सेंटीमीटर रुंदीच्या चकत्या कापून बघा. एका नळीच्या दहा चकत्या होतात आणि प्रत्येक चकती म्हणजे दोन टोकांना मिटलेली, मध्ये पोकळ पाकळी. पाच पाकळ्या टोकाला टोक लावून चिकटवल्या की चाफ्याच्या जवळपास जाता येतं, पण प्रत्येक पाकळी शेजारणीवर थोडी चढवा. चाफ्याच्या पाकळ्या भिंगरीसारख्या एकीवर एक असतात. ताम्हणाला, म्हणजे आपल्या राज्यफुलाला, साधारण सहा पाकळ्या असतात आणि त्या चुरगळलेल्या असतात. तिथे पोकळ चकती उपयोगाची नाही. नळी उघडून, भिजवून, वरचा पातळ पापुद्रा सोलून त्याचीच पाकळी कापायची आणि मुठीत चुरगळायची.

दुसरी वस्तू: बाकातून पळस

पळसाला पानं तीनच हे सगळ्यांना माहीत असतं, पण पळस फुलतो तेव्हा झाडावर ती तीनही नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये माळावर नुसत्या वाकड्यातिकड्या काळपट फांद्या आणि त्यांवर केशरी ज्वाळा असतात. साळुंक्या, भोरड्या, शिंजीर मधासाठी झाडावर गर्दी करतात. एसटीच्या खिडकीतून विदर्भात किंवा मराठवाड्यात हे दृश्य बघितलेल्या माणसाला ते पुठ्ठ्यात उतरवावंसं वाटणारच.

तुमच्या जवळपास पळस असेल तर एक गळलेलं फूल उचलून आणा आणि त्याच्या पाकळ्या हळूच सुट्या करा. एकूण पाच असतात. मागे एक मोठी पाकळी असते, ती मागच्या बाजूला वळलेली. दोन बाजूंना दोन लहान पाकळ्या. आणि मध्ये दोन पाकळ्या जुळून झालेली वाकडी चोच. संस्कृतमध्ये पळसाला किंशुक म्हणतात, ‘हा पोपट तर नव्हे?’ असं. ते या चोचीवरूनच. फूल ज्या पेल्यात बसतं तो पेला काळपट तपकिरी आणि मखमली असतो, आणि केशरी रंग एवढा पेटतो तो त्याच्या या काळ्या शेजारामुळे. पाकळ्यांच्या बाहेरून बारीक रुपेरी लव असते. हे तीन बारकावे, म्हणजे चोच, काळा पेला आणि रुपेरी लव, साधले की दुसरं काही चुकलं तरी बघणारा ‘पळस!’ म्हणतो.

आता चोचीचा बाक नळीतून आयता मिळतो. त्यासाठी तुकडा नळीच्या लांबीत कापायचा नाही, घेरात कापायचा. इथे बहुतेकांची गल्लत होते. लांबीत कापलेली पट्टी काडीसारखी सरळ येते. घेरात कापलेली पट्टी कमानीसारखी वाकलेली येते.

१. नळी उभी कापून उघडा. ती पुन्हा गोल व्हायला बघेल. होऊ द्या, दाबून सपाट करू नका.

२. घेराच्या दिशेने ६ सेंटीमीटर लांब तुकडा आखा, एका टोकाला दीड सेंटीमीटर रुंद आणि दुसऱ्या टोकाला अणकुचीदार. हा कापा. बाजूने बघितलं तर पोपटाची चोच दिसते.

३. चोच आतून-बाहेरून ओल्या बोटाने दमट करा आणि तिच्या दोन्ही कडा हलकेच जवळ आणा, म्हणजे मध्ये नावेसारखी खोलगट होईल. चिमट्यात धरून वाळवा. घाई केलीत तर पुठ्ठा मध्येच मोडतो. तीन-चार चोची वाया जाणार असं धरूनच जास्तीच्या कापा.

४. बाजूच्या पाकळ्या त्याच पद्धतीने, पण ४ सेंटीमीटर लांब आणि १ सेंटीमीटर रुंद. त्या चोचीच्या दोन बाजूंना, बुंध्याशी चिकटवा.

५. मागची मोठी पाकळी ५ सेंटीमीटर लांब, ३ सेंटीमीटर रुंद, पिंपळपानाच्या टोकाशिवाय जसा आकार राहील तशी. हिचा बाक मात्र उलटा हवा, चोच पुढे आणि ही मागे. तुकडा नुसता उलटा फिरवून लावला की काम झालं.

६. पेल्यासाठी २ सेंटीमीटर रुंद, ४ सेंटीमीटर लांब पट्टी ओली करून बोटाच्या टोकावर गुंडाळा, खालचं तोंड चिमटीत मिटवा आणि चिकटवा. वाळल्यावर फूल त्यात बसवा.

एका फांदीला नऊ ते पंधरा फुलं पुरतात. सगळी एका दिवसात करू नका. पहिल्या दिवशी चोची आणि पाकळ्या कापून वाळत टाका, दुसऱ्या दिवशी जोडा.

फांदीसाठी फॉइलची नळी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. शिवण सुटू लागली की तिचं टोक पकडून हळूहळू उलगडा. लांबलचक, स्प्रिंगसारखी पट्टी हातात येते. तीन पट्ट्या एकत्र दोरीसारख्या पिळा, खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या त्यावर गुंडाळा आणि जागोजागी कोपरासारखा बाक द्या. पळसाची फांदी कधी सरळ जात नाही. बारीक फांदीला एकच पट्टी पिळून घ्या. साल खरखरीत दिसावी म्हणून वापरलेली चहापावडर धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, खळीच्या ओल्या थरावर भुरभुरवा. चहापावडर जराशी जरी दमट राहिली तरी पुढे बुरशी धरते, तेव्हा दोन दिवसांचं ऊन तिला द्याच.

रंगाचा क्रम असा ठेवा. पुठ्ठा तपकिरी असतो आणि थेट लावलेला केशरी रंग तो गिळून टाकतो. आधी पांढऱ्या पोस्टर कलरचा एक पातळ हात द्या. वाळल्यावर पिवळ्यात थोडा लाल मिसळून केशरी करा. बुंध्याशी लाल थोडा वाढवा, टोकाकडे पिवळा. सगळ्या फुलांना एकाच वाटीतला एकच रंग देऊ नका, दर तीन फुलांनंतर वाटीत एक थेंब या किंवा त्या रंगाचा टाका. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्यावर पांढरट राखाडी घेऊन चोचीच्या बाहेरच्या पाठीवरून एकदाच हलका हात फिरवा. ती रुपेरी लव.

पेला आणि फांदी काळपट करायला लाकडी कोळसा कुटून, कापडातून गाळून, फेविकॉल-पाण्यात कालवा. नुसत्या काळ्या रंगापेक्षा हा लेप मऊ, धूसर दिसतो आणि मखमलीच्या जवळ जातो.

पळसाच्या फुलांचं पाणी उकळून रंगपंचमीला वापरतात, ते इथे का वापरू नये असा प्रश्न मुलं विचारतात. जरूर वापरा. पांढऱ्या रंगाच्या थरावर ते छान पिवळसर केशरी छटा देतं. फक्त ती हलकी असते आणि उन्हात उडते. हळदीचंही तसंच होतं. त्या फांदीला सावलीतली भिंत द्या.

फुलं फांदीला एक-एक न लावता दाट झुपक्यांत लावा, आणि फांदीचं टोक मोकळं ठेवा. तिथे दोन-तीन न उमललेल्या कळ्या, म्हणजे नुसते काळे पेले आणि त्यांतून डोकावणारं केशरी टोक, लावले की फांदी जिवंत वाटते.

तिसरी वस्तू: पिळातून सुगरणीचा खोपा

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला लटकणारे खोपे आपण लहानपणापासून बघतो. नाव सुगरणीचं, पण विणकाम नर करतो. गवताच्या, शिंदीच्या पात्यांच्या लांब चिंध्या चोचीने काढून आणतो आणि गाठी मारत, ओवत जातो. आधी तो एक उभं कडं विणतो. मग कड्याच्या एका बाजूला अंड्यांसाठी कोठी, दुसऱ्या बाजूला येण्याजाण्याची वाट. काम अर्ध्यावर, शिरस्त्राणाच्या आकाराचं झालं की मादी येऊन तपासते. तिला पसंत पडलं तर पुढे लांब नळीसारखं दार उतरवून खोपा पुरा होतो, नाहीतर अर्धाच राहतो. झाडावर तुम्हाला अर्धे खोपे इतके दिसतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आपण पक्ष्याच्याच क्रमाने जाऊ.

चार-पाच लांब नळ्या बादलीत अर्धा तास भिजवा. थर सुटतील. प्रत्येक थर वेगळा करून ३-४ मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या फाडा. कात्रीने कापू नका, फाडाच. फाटलेल्या कडेला तंतू राहतात आणि ते गवतासारखे दिसतात. हे काम सहा-सात वर्षांचं मूलही आनंदाने करतं. पट्ट्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. वाळल्या की त्या मोडतात.

आता चिकटपट्टीचं तीन इंची कडं घ्या. हे तुमचं पहिलं कडं. ते रुंद असेल तर हॅक्सॉच्या पात्याने कापून दीड सेंटीमीटरचं करा. वरच्या बाजूला सुतळी पक्की बांधून ते खिडकीच्या गजाला टांगा. खोपा टेबलावर ठेवून विणू नका. टांगलेला असला तरच तो कुठे झुकतो ते कळतं.

कड्याच्या डाव्या बाजूला सात-आठ पट्ट्या वरून खाली कमानीसारख्या बाहेर फुगवून लावा, वरचं आणि खालचं टोक कड्याला फेविकॉलने चिकटवून, चिमट्याने धरून. या फासळ्या. अर्ध्या तासाने त्यांच्यातून आडव्या पट्ट्या विणायला घ्या: एक फासळी वरून, दुसरी खालून. टोपली विणलेली बघितली असेल तर हात लगेच बसेल. चार-पाच ओळी झाल्या की मधूनच एखादी पट्टी तिरकी ओवा. पक्ष्याची वीण टोपलीइतकी शिस्तीची नसते.

उजव्या बाजूला पाच फासळ्या लावा, पण त्या कड्याच्या खाली न मिटवता सरळ खाली सोडा. त्यांच्या मध्ये टिशूची एक अख्खी नळी उभी धरा आणि फासळ्या तिच्या अंगाला खळीने चिकटवा. हे खोप्याचं दार. कड्यापासून नळीपर्यंतचा भाग विणून घ्या, मग नळीवर वरून खाली लांब पट्ट्या चिकटवून ती पूर्ण झाका. खालच्या टोकाला पट्ट्या २-३ सेंटीमीटर लोंबू द्या. खऱ्या खोप्यालाही अशी झालर असते.

शेवटी माथा. सुतळीभोवती पट्ट्या गुंडाळत खाली कड्यापर्यंत उतरवा, म्हणजे खोपा वरून निमुळता आणि मध्ये पोटाळ दिसेल.

खोप्याला रंग देऊ नका. ताजा खोपा हिरवा असतो आणि वाळल्यावर गवताच्या रंगाचा होतो, आणि पुठ्ठ्याचा रंग नेमका तोच आहे. नर खोप्यात आतून ओल्या मातीचे गोळे चिकटवतो. हवं तर तुम्हीही कोठीत वाटाण्याएवढे दोन-तीन गोळे लावा. त्यांच्या वजनाने खोपा वाऱ्यात कमी भिरभिरतो.

नमुना म्हणून झाडावरचा खोपा काढून आणू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. तो त्यांच्या विणीचा काळ असतो. हिवाळ्यात विहिरीच्या कडेला गळून पडलेले जुने खोपे सापडतात. त्यांतला एक उचलून आणून उलगडून बघितला तर या लेखापेक्षा जास्त शिकाल.

पावसाळा आणि कसर

पुठ्ठ्याचे दोन शत्रू आहेत, दमटपणा आणि कसर. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कुठलीही वस्तू बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ती भिंत आतूनही ओल धरते. मागे दोन बुचं चिकटवून वस्तू भिंतीपासून बोटभर पुढे ठेवली तर हवा खेळते. खळीची चटक कसरीला फार, म्हणून खळीचं काम पूर्ण वाळल्यावर फेविकॉलमध्ये तिप्पट पाणी घालून त्याचा एक हात सगळीकडून द्या. गणपतीच्या मखराला अशी फांदी लावणार असाल तर निरांजन आणि समईपासून लांब बांधा.

बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तर पुसू नका, पुसल्याने ती पसरते. वस्तू उन्हात ठेवा, वाळल्यावर कोरड्या ब्रशने झटका. कडेचे उरलेले तुकडे डब्यात साठवत जा. एक-दोन किलो झाले की भिजवून, पाट्यावर वाटून त्यांचा लगदा करता येतो, आणि त्या लगद्यातून पळसाच्या फांदीवर बसवायला साळुंकी घडवता येते.